रक्त ‘पातळ’ करणारी गोळी, फिश ऑइल आणि आमचे सर

सरांची एक गोळी दोन महिन्यांपासून बंद होती, हे मला सीटी स्कॅनच्या खोलीबाहेर कळलं. काकू बाकावर बसल्या होत्या. एका हातात सरांचा चष्मा, दुसऱ्या हातात गोळ्यांची पिशवी. मी पिशवी उघडली. बीपीची गोळी होती, नाडीचा वेग आवरणारी होती, फिश ऑइलची मोठी बाटली होती, मॅग्नेशियमची डबी होती, अर्जुनारिष्टाची अर्धी बाटली होती. सगळ्यांत महत्त्वाची जी, ती नव्हती. विचारलं तर काकू म्हणाल्या, “अरे, रक्त फार पातळ झालंय म्हणून त्यांनीच ती सोडली. दाढी करताना जरा कापलं तरी थांबायचंच नाही.”

सरांनी मला आठवी ते दहावी मराठी शिकवलं. आता वय ७७. गेली काही वर्षं ते माझे पेशंट आहेत, म्हणजे ते समोरच्या खुर्चीत बसतात आणि मी मनातल्या मनात अजून उभाच असतो. त्यांच्या आणि काकूंच्या परवानगीने हे लिहितोय. नाव देत नाही, ओळखीच्या एक-दोन खुणाही गाळल्या आहेत.

त्याआधी साधारण वर्षभरापूर्वी ते नेहमीच्या बीपी तपासणीला आले होते. मी मनगट धरलं आणि जरा जास्त वेळ धरून राहिलो. सर म्हणाले, “अरे, नाडी बघतोयस की घड्याळ?” दोन्ही बघत होतो. ठोके कधी जवळजवळ, कधी लांब, एक जोरात, दुसरा इतका हलका की बोटाला लागतच नव्हता. ठेका चुकत होता असं नाही, ठेकाच नव्हता. छातीत धडधड होते का विचारलं तर नाही म्हणाले. “जिना चढताना थोडा दम लागतो, पण ते वयाचं.” ईसीजी काढला. एट्रियल फिब्रिलेशन. यापुढे मी त्याला एएफ म्हणतो.

हे नेमकं काय असतं?

हृदयाला चार कप्पे. वरचे दोन रक्त गोळा करून खाली ढकलतात, खालचे दोन ते फुप्फुसांकडे आणि अंगभर पाठवतात. वरच्या उजव्या कप्प्यात एक नैसर्गिक पेसमेकर आहे, तो मिनिटाला साठ ते शंभर वेळा हुकूम सोडतो आणि सगळे स्नायू त्या हुकमाने आकसतात. एएफमध्ये वरच्या कप्प्यांत हुकूम देणारे शेकडो होतात. मिनिटाला ३५० ते ६०० इतक्या वेगाने तिथे नुसती थरथर सुरू होते. वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मध्ये एक चौकी आहे, ती बिचारी यातले बरेच हुकूम अडवते, पण जे सुटतात ते वाट्टेल तेव्हा सुटतात. म्हणून नाडी वेगवान आणि पूर्ण अनियमित.

थरथरणारा कप्पा नीट रिकामा होत नाही. वरच्या डाव्या कप्प्याला बंडीच्या खिशासारखी एक छोटी पिशवी असते. तिथे रक्त साचून राहतं आणि साचलेलं रक्त गोठतं. त्यातला एक तुकडा सुटला की रक्ताबरोबर वर चढून मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकू शकतो. तो पक्षाघात. एएफ असलेल्या माणसाला पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट असतो, आणि असा पक्षाघात बहुतेक वेळा मोठा असतो, कारण गुठळी मोठी असते.

हे वाचताना एक मिनिट थांबा. उजव्या हाताची मधली तीन बोटं डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला ठेवा. पूर्ण मिनिटभर मोजा. मधूनच एखादा ठोका चुकणं, श्वासाबरोबर वेग थोडा कमी-जास्त होणं यात घाबरण्यासारखं काही नाही. पण ठोक्यांना कसलाच मेळ लागत नसेल तर ईसीजी काढून घ्या, विशेषतः वय ६५ च्या पुढे असेल तर. मनगटावरचं स्मार्टवॉच तसा इशारा देत असेल तर त्याकडे दुर्लक्ष करू नका, मात्र घड्याळाच्या शब्दावर औषधही सुरू करू नका. ईसीजी लागतोच. एएफमध्ये घरचं डिजिटल बीपी मशीन दर वेळी वेगळा आकडा दाखवतं, तेव्हा तीनदा मोजून सरासरी धरा.

सरांना मी थायरॉइड, हिमोग्लोबिन, किडनीच्या तपासण्या आणि टूडी इको करायला सांगितलं. थायरॉइड जास्त काम करत असेल तर त्यानेही एएफ होतो आणि मग उपचाराची दिशाच बदलते. सरांचं सगळं ठीक होतं. कारण म्हणायचं तर बरीच वर्षं असलेलं बीपी आणि वय. बहुतेकांचं हेच असतं.

मग धोक्याचा हिशोब. यासाठी आम्ही गुण मोजतो: हार्ट फेल्युअर, बीपी, मधुमेह, रक्तवाहिन्यांचा आजार यांना प्रत्येकी एक, ६५ च्या पुढे एक, ७५ च्या पुढे दोन, आधी पक्षाघात होऊन गेला असेल तर दोन. सरांचे तीन झाले. म्हणजे औषध घेतलं नाही तर अशा शंभर माणसांतल्या साधारण तिघांना दर वर्षी पक्षाघात होण्याची शक्यता. तीन हा आकडा लहान वाटतो. पण तो दर वर्षीचा आहे, आणि ज्याला होतो त्याला तो शंभर टक्के असतो. गुठळी रोखणारी गोळी नियमित घेतली तर यातले सुमारे दोन तृतीयांश पक्षाघात टळतात.

मी सरांना दोन गोळ्या लिहून दिल्या. नाडीचा वेग आवरायला मेटोप्रोलॉल आणि गुठळी होऊ नये म्हणून अपिक्साबॅन, सकाळ-संध्याकाळ. समजावून सांगितलं. किती वेळ? बाहेर पंधरा-वीस पेशंट बसले होते. पाचेक मिनिटं असतील. त्यातली चार नाडी आणि इकोवर गेली. शेवटच्या मिनिटात मी ते वाक्य म्हणालो जे आम्ही सगळे डॉक्टर रोज म्हणतो: “आणि सर, ही रक्त पातळ करायची गोळी.”

सर मराठीचे शिक्षक. शब्दाचा अर्थ ते शब्दातूनच काढणार.

‘पातळ’ या शब्दाने केलेला घोटाळा

आमटीत पाणी घातलं की ती पातळ होते. रक्ताचं तसं काही होत नाही. अपिक्साबॅन, रिव्हरॉक्साबॅन, डॅबिगॅट्रान, किंवा जुन्या वॉरफरिन आणि एसिट्रॉम, यांतली कुठलीही गोळी रक्ताचा दाटपणा कमी करत नाही, हिमोग्लोबिन उतरवत नाही, अंगातली ताकद काढून घेत नाही. रक्त गोठण्याची जी साखळी असते, तिची एखादी कडी ती ढिली करते. त्यामुळे गोठायला जास्त वेळ लागतो. बस. पण ‘पातळ’ म्हटलं की माणसाला वाटतं, रक्त म्हणजे आता नुसतं लाल पाणी झालंय. थकवा आला की रक्त पातळ झालं. थंडी वाजली की रक्त पातळ झालं. हल्ली मी तो शब्द वापरत नाही. ‘गुठळी रोखणारी गोळी’ म्हणतो. उच्चाराला लांब आहे, पण पेशंट ती सोडताना एकदा विचार करतो.

सरांच्या बाबतीत झालं ते असं. दहा महिने गोळ्या नियमित होत्या. मग दाढी करताना कापलं, पाच-सात मिनिटं रक्त थांबेना. हाताच्या पाठीवर कुठे आपटल्याचे निळसर डाग दिसायला लागले. त्याच सुमारास पुतण्या परदेशातून आला आणि ‘हार्टसाठी’ म्हणून फिश ऑइल आणि मॅग्नेशियम देऊन गेला. कुणीतरी अर्जुनारिष्ट सांगितलं. नाडी तर शांत होती, दम लागणंही कमी झालं होतं. सरांनी हिशोब केला: आजार आटोक्यात आहे, हृदयासाठी नवीन तीन गोष्टी सुरू केल्यात, मग ही त्रासदायक गोळी कशाला?

हा हिशोब चुकीचा का, ते सांगतो. नाडी शांत झाली ती मेटोप्रोलॉलमुळे. खालच्या कप्प्यांचा वेग आवरला गेला, वरचे कप्पे मात्र तसेच थरथरत होते आणि तो खिसा तसाच साचत होता. बरं वाटणं आणि गुठळी न होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीसाठी घेतलेली गोळी दुसरीचं काम करत नाही. या नव्या गोळ्यांचा असर एक-दोन दिवसांत उतरतो. आठवडाभर घेतली नाही तर तुम्ही जिथून सुरुवात केली तिथेच परत.

दाढीच्या जखमेचं म्हणाल तर स्वच्छ रुमालाने दहा मिनिटं घट्ट दाबून धरा, मध्ये उचलून बघू नका. किंवा सरळ इलेक्ट्रिक रेझर घ्या. निळे डाग दिसायला वाईट, पण निरुपद्रवी. काळी चिकट शौचास, लघवीतून रक्त, डोक्याला मार, दाबूनही न थांबणारा रक्तस्राव: यासाठी मात्र लगेच डॉक्टर. दात काढायचा असेल, मोतीबिंदूचं ऑपरेशन असेल, तरी गोळी बंद करायची की नाही, किती दिवस, हे विचारून ठरवायचं. अनेकदा बंद करावी लागतच नाही, लागली तर एखाद-दोन दिवस.

“त्यापेक्षा अ‍ॅस्पिरिन घेतो, ती सौम्य,” असंही बरेच जण सुचवतात. एएफमध्ये ॲस्पिरिनचा उपयोग फारच थोडा आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अपिक्साबॅन आणि ॲस्पिरिन समोरासमोर तपासल्या. अपिक्साबॅन घेणाऱ्यांत पक्षाघात निम्म्याहून कमी झाले आणि मोठा रक्तस्राव दोन्हींकडे जवळपास सारखाच. म्हणजे ॲस्पिरिन सौम्य आहे ती फक्त कामाच्या बाबतीत.

बाटल्यांविषयी

आता सरांच्या पिशवीतल्या बाकीच्या वस्तू. याविषयी माझ्याकडे सगळ्यांत जास्त विचारणा होते, म्हणून जरा सविस्तर.

फिश ऑइल, म्हणजे ओमेगा थ्री. एके काळी आम्हालाही वाटायचं की याने हृदयाचा ठेका सुधारेल. तपासल्यावर उलट निघालं. २०२१ मध्ये मोठ्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा ओमेगा थ्रीच्या कॅप्सूल घेणाऱ्यांत एएफचं प्रमाण वाढलेलं दिसलं: दिवसाला एक ग्रॅमपर्यंत घेणाऱ्यांत सुमारे १२ टक्क्यांनी, त्याहून जास्त घेणाऱ्यांत सुमारे ४९ टक्क्यांनी. त्याच वर्षी पंचवीस हजारांवर लोकांच्या आणखी एका चाचणीत ओमेगा थ्री आणि ड जीवनसत्त्व, दोन्हींनी एएफ टळत नाही असं दिसलं. ट्रायग्लिसराइड फार वाढलेल्या काही पेशंटना आम्ही ओमेगा थ्री देतो, ते वेगळं. पण एएफ आहे म्हणून ‘हार्टसाठी’ ही बाटली घेणं म्हणजे ज्या आगीतून बाहेर पडायचं तिच्यातच लाकडं सारणं. आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा रावस ताटात असेल तर खुशाल खा. मासा आणि कॅप्सूल एक नव्हेत.

मॅग्नेशियम. हॉस्पिटलमध्ये वेगवान एएफ आला तर आम्ही कधीकधी ते शिरेतून देतो, त्याने वेग उतरायला मदत होते. त्यावरून लोक समजतात की गोळी रोज घेतली तर एएफ येणारच नाही. रक्तातली पातळी नीट असलेल्या माणसात तसा पुरावा नाही. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, वर्षानुवर्षं चालू असलेली ॲसिडिटीची गोळी, जुलाब, दारू यांनी ती पातळी खरंच उतरते. तेव्हा तपासून भरून काढतो. किडनी अशक्त असेल तर स्वतःहून घेतलेलं मॅग्नेशियम साचून राहतं.

अर्जुनारिष्टाबद्दल मला वैद्यांशी भांडायचं नाही. अर्जुनाच्या सालीवर आपल्याकडे अभ्यास झाले आहेत. पण ती एएफमधला पक्षाघात टाळते हे कुणीही दाखवलेलं नाही. जे दाखवलेलं आहे ते बंद करून जे दाखवलेलं नाही ते सुरू करणं, एवढ्याच गोष्टीला माझी हरकत आहे.

हळदीचं आमच्या सांगलीत वेगळं सांगायला नको, इथली पेठच हळदीची. भाजीतली, दुधातली चिमूटभर हळद चालते. बाटलीतला कर्क्युमिनचा अर्क, लसणाच्या कॅप्सूल, ई जीवनसत्त्वाचा मोठा डोस मात्र गुठळी रोखणाऱ्या गोळीबरोबर रक्तस्राव वाढवू शकतात. को-एन्झाइम क्यूची रचना के जीवनसत्त्वासारखी असते आणि त्याने वॉरफरिनचा परिणाम कमी झाल्याच्या नोंदी आहेत. आणि एक घरगुती वस्तू, जिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही: ज्येष्ठमध. खोकल्यासाठी एखाद-दोन दिवस चघळलं तर ठीक, पण महिनोन्महिने काढा घेतला तर बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं. पोटॅशियम उतरलं की हृदय आणखी चिडतं. डिगॉक्सिनची गोळी चालू असेल तर हे थेट धोक्याचं.

या सगळ्यांपेक्षा मला जास्त भीती वाटते ती मेडिकलमधून न विचारता आणलेल्या गुडघेदुखीच्या गोळीची. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन आणि गुठळी रोखणारी गोळी ही जोडी पोटात रक्तस्राव करते. अशा किती पेशंटना मी काळी शौचास घेऊन आलेलं पाहिलंय! दुखलं तर पॅरासिटामॉल, तीही प्रमाणात, आणि दुखणं टिकलं तर विचारा.

ताटाविषयी

पालेभाजीचा प्रश्न फक्त वॉरफरिन आणि एसिट्रॉम घेणाऱ्यांना आहे. अपिक्साबॅन, रिव्हरॉक्साबॅन, डॅबिगॅट्रान घेणाऱ्यांनी पालक-मेथी निर्धास्त खावी. कुणी बंद करायला सांगितली असेल तर माझं नाव सांगा.

वॉरफरिनची जन्मकथा गमतीची आहे. अमेरिकेत सडलेलं गवत खाऊन गुरं रक्तस्रावाने मरत होती. विस्कॉन्सिनमधल्या कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्यातला पदार्थ शोधला, पुढे त्यातून वॉरफरिन झालं, ते आधी उंदीर मारायला वापरलं आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मंजूर झालं. ते के जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणतं. पालक, मेथी, शेपू, कोथिंबीर, कोबी यांत के भरपूर. म्हणून या पेशंटची आयएनआर नावाची तपासणी करून डोस ठरवावा लागतो, एएफसाठी दोन ते तीनच्या मध्ये.

आता नव्या गोळ्या असताना हे जुनं औषध कुणाला? ज्यांची कृत्रिम धातूची झडप बसवली आहे त्यांना, आणि संधिवाताच्या तापाने ज्यांची मायट्रल झडप आकसली आहे त्यांना. आम्ही रेसिडेंट होतो तेव्हा वॉर्डातला एएफ म्हणजे बहुतेक हाच, तिशी-चाळिशीच्या बायका. आजही आपल्याकडे असे पेशंट कमी नाहीत. २०२२ च्या एका चाचणीत अशा पेशंटमध्ये जुनंच औषध नव्या गोळीपेक्षा सरस ठरलं. त्यामुळे शेजारच्याची ‘तपासणी न लागणारी’ गोळी बघून आपली बदलू नका.

माझ्याकडे एक ताई येतात, झडप बदललेली, एसिट्रॉमवर. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की हिरवं पान आयुष्यभर बंद. त्यांनी महिनोन्महिने वरणभात आणि बटाटा खाल्ला. मग डिसेंबरात मेथी, चाकवत, हरभऱ्याची भाजी ढिगाने आली. शेतातलीच. रोज खाल्ली. आयएनआर धाडकन १.४. उलट आजारपणात जेवण तुटलं आणि मेट्रोनिडाझोलसारखं अँटिबायोटिक सुरू झालं की तोच आकडा पाचच्या वर जातो. त्यांना मी सांगितलं, “ताई, खा. पण दर आठवड्याला साधारण सारखीच खा.” आता आठवड्यातून तीनदा एकेक वाटी असं ठरलंय आणि आकडा जागेवर आहे.

उपवासाचं एक महत्त्वाचं. रिव्हरॉक्साबॅनची १५ किंवा २० मिलिग्रॅमची गोळी भरल्या पोटीच घ्यावी लागते, रिकाम्या पोटी ती नीट शोषली जात नाही. एकादशीला, चतुर्थीला ती नुसत्या पाण्याबरोबर घेतली तर त्या दिवशी पुरेसा डोस मिळत नाही. फराळाच्या पूर्ण जेवणाबरोबर घ्या, किंवा उपवास संध्याकाळी सोडता तर गोळीची वेळ संध्याकाळचीच ठेवा. अपिक्साबॅनला ही अट नाही. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल फोडायची नाही आणि खाचांच्या डबीत काढून ठेवायची नाही, दमट हवेत खराब होते. निर्जळी उपास एएफच्या पेशंटने करू नये, असं माझं मत आहे आणि त्यावरून घरोघरच्या आजींनी मला बोल लावले आहेत.

मीठ कमी, कारण बीपी. लोणचं-पापड रोज नको. पण ‘लो सोडियम’ मीठ विचारल्याशिवाय आणू नका, त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी किंवा किडनीचा त्रास असेल तर पोटॅशियम धोक्याच्या वर जाऊ शकतं. चहा-कॉफीवर बंदी घालायला पुरावा नाही. दोन-तीन कप घ्या, ज्याला स्वतःला त्रास जाणवतो त्याने सोडावं.

दारूवर मात्र पुरावा भक्कम आहे. २०२० साली ऑस्ट्रेलियात १४० एएफ पेशंटवर चाचणी झाली. पिणं सोडलेल्या गटात सहा महिन्यांत ५३ टक्के लोकांना एएफ परत आला, चालू ठेवलेल्या गटात ७३ टक्के लोकांना. वजनाचंही तसंच. तिथल्याच ॲडलेड शहरातल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ज्यांनी दहा टक्के किंवा जास्त वजन उतरवून टिकवलं, त्यांची एएफपासून मुक्त राहण्याची शक्यता सहापट होती. एवढं काम करणारी कॅप्सूल अजून कुणी बनवलेली नाही. घोरत असाल, झोपेत श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील, तर तेही तपासा.

ठेकाच परत आणायचा असेल तर औषधं आहेत, शॉक आहे, ॲब्लेशन आहे. फुप्फुसांतून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी एएफची ठिणगी पडते हे १९९८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी दाखवलं आणि ॲब्लेशन तिथेच करतात. आजार नवा असताना हे लवकर केलेलं बरं, असं आता आम्ही मानतो. त्यासाठी हृदयरोगतज्ज्ञांकडे जा. एवढंच लक्षात ठेवा की ठेका परत आला तरी गुठळी रोखणारी गोळी थांबवायची की नाही हे वरच्या गुणांवर ठरतं, ठेक्यावर नाही.

त्या सकाळी

साडेसहाला काकूंनी चहा दिला. सरांच्या उजव्या हातातून कप सुटला. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि ते काहीतरी बोलत होते, पण शब्द शब्दासारखे नव्हते. काकूंनी साखरपाणी दिलं नाही, तळव्यांना तेल चोळलं नाही, वाट बघितली नाही. सुनेने मला फोन केला, मी म्हणालो, माझ्याकडे आणू नका, सीटी स्कॅन आहे तिथे थेट न्या, मी येतो. पावणेआठला स्कॅन झाला, साडेआठच्या आत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सुरू झालं. ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि जितकं लवकर तितकं बरं. सरांची गोळी बंद होती म्हणूनच ते इंजेक्शन देता आलं, हा यातला विचित्र भाग. गोळी चालू असती तर बहुधा इंजेक्शनची गरजच पडली नसती.

हात आठवड्यात बराच परत आला. भाषा आली नाही. म्हणजे कळतं सगळं, पण हवा तो शब्द सापडत नाही. स्पीच थेरपी चालू आहे, आठ महिने झाले.

मी माझ्या नोंदी काढून बघितल्या. घटनेच्या तीन आठवडे आधी सर तपासणीला आले होते. मी विचारलं होतं, “गोळ्या चालू आहेत ना?” ते म्हणाले, “हो रे, सगळ्या चालू.” खोटं बोलले नव्हते. पिशवीतल्या सगळ्या चालूच होत्या. मी ‘हो’ ऐकलं, लिहिलं आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. तेव्हा पट्ट्या दाखवा म्हणालो असतो तर दोन मिनिटं लागली असती.

आता माझ्या टेबलावर एक प्लॅस्टिकचा ट्रे आहे. एएफच्या प्रत्येक पेशंटने पिशवी त्यात उलटी करायची, काढे आणि बाटल्यांसह. त्यांची चिडचिड होते, ओपीडी उशिरा संपते. पट्टीवरच्या रिकाम्या खाचा मी मोजतो. गोळी का सोडली हे विचारताना आवाज चढवत नाही, कारण चढवला की पुढच्या वेळी खरं सांगत नाहीत. पैशांमुळे सोडली असेल तर तेही कळतं. आता या गोळ्या जेनेरिकमध्ये पूर्वीपेक्षा बऱ्याच स्वस्त मिळतात, बदलून देता येतात. तुमचे डॉक्टर विचारत नसतील तर तुम्हीच पिशवी घेऊन जा.

सर गेल्या गुरुवारी आले होते. पिशवी त्यांनीच डाव्या हाताने ट्रेमध्ये रिकामी केली. अपिक्साबॅनची गुलाबी गोळी दाखवून मी विचारलं, “सर, ही कशासाठी?” त्यांनी बराच वेळ शब्द शोधला. मग म्हणाले, “खडू.” काकू काही बोलणार होत्या, सरांनी हाताने थांबवलं. “गुलाबी खडू. सकाळी एक. रात्री... एक.” मग बोट आधी छातीवर ठेवलं, तिथून वर कपाळापर्यंत नेलं आणि मान हलवून नाही म्हणाले.

मी पट्टी मोजली. एकही चुकलेली नव्हती. किडनीची तपासणी पुढच्या महिन्यात करायची आहे, ती कागदावर लिहून दिली.